चौदा वाघिणींची जोडणी

नरहररावांनी चिमट्यात धरलेली कडी आपल्या छोट्या मालगाडीच्या पुढच्या वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, आकड्यावर सोडली, आणि ती आकड्याला न लागता बाजूनं निसटून फळीवर पडली. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला कडी नीट आकड्यात बसली, पण ते नरहररावांना कळलंच नाही. ती चुकली असं समजून त्यांनी कडी धरूनच चिमटा वर घेतला, आणि त्याबरोबर सहा इंच लांबीची ती वाघीण रुळांवरून उचलली जाऊन आडवी झाली.

दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या शारदाबाईंनी हे तिन्ही वेळा बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवायला मान खाली घातली.

"ऐकलीस का," नरहरराव म्हणाले, "हे स्क्रूचं कपलिंग रद्द. आता सगळ्या गाडीला पंजा बसवायचा."

"कसला पंजा?"

"नव्या मोठ्या वाघिणींना असतोय की. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा. नुसतं ढकललं की आपोआप धरतोय. जमाना आता त्याचाच हाय."

शारदाबाईंचा हात सुपातच थांबला. गेली दोन वर्षं, म्हणजे नोकरीतून निवृत्त होऊन नौबादच्या या घरात राहायला आल्यापासून, ह्याच माणसानं ह्याच पंजाच्या नावानं खडे फोडले होते.

नरहरराव मालगाडीचे गार्ड. विकाराबाद ते परळी या लायनीवर त्यांची छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, शेताच्या वाटण्या काढतात, निदान जावयाला उपदेश तरी करतात. नरहररावांनी मधल्या खोलीत सागवानी फळ्या टाकल्या आणि मालगाडी करायला घेतली. फुटाला पाव इंच हे माप. वाघिणींच्या भिंती डालड्याच्या डब्यांच्या पत्र्याच्या, सांगाडे जुन्या पलंगाच्या लाकडाचे, बफर दाबले की आत जावेत म्हणून त्यांत बॉलपेनातल्या स्प्रिंगा. चाकांसाठी ते बिदरी काम करणाऱ्या एका कारागिराच्या महिनाभर मागं लागले होते. शेवटी त्यानं कंटाळून ती जस्तात ओतून दिली. चौदा वाघिणी आणि शेवटी गार्डाचा डबा अशी गाडी. इंजिन म्हणजे काळा रंगवलेला लाकडी ठोकळा, हातानं ओढायचा. इंजिन ही पुढं कुठंतरी धूर काढत असणारी वस्तू, तिच्याशी गार्डाला काय करायचंय, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा सगळा जीव होता तो जोडणीत. एका शेजाऱ्यानं सुचवलं होतं की एका बाजूला खिळा वाकवून आकडा करा, दुसऱ्या बाजूला तारेचं कडं लावा, काम झालं. नरहररावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि पुढं आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पुतण्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं पंजा सुचवला. पितळी पट्टीतून कापून काढायचा, धरायला मोठा, करायला सोपा. "माझ्या गाडीला पंजा कधी नव्हता," एवढंच उत्तर त्याला मिळालं. त्यांना हवं होतं ते त्यांच्या काळातलं खरं कपलिंग: दोन कड्या, त्यांच्यामधे आटे पाडलेली दांडी, आणि दांडीला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की दोन वाघिणी एकमेकींकडे सरकल्या पाहिजेत आणि बफर दाबले गेले पाहिजेत. कड्यांना तंबोऱ्याची पितळी तार आणि दांडीला घड्याळजीनं टाकून दिलेले स्क्रू, हेही त्यांनीच शोधून काढलं. सगळं कपलिंग मिळून पाऊण इंचाचं.

प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना एकेक, असा त्यांचा हिशेब होता. दसऱ्यापर्यंत चार झाली. पाचवं संक्रांत आली तरी होईना.

आणि आता हेच पंजाचं कौतुक करतात. शारदाबाईंनी मनातल्या मनात मागच्या काही महिन्यांचे तुकडे जुळवले. पेपर हल्ली मथळ्यांपुरता वाचला जात होता. आत काही दम नसतो म्हणे. भाजी आणायला जाणं बंद झालं होतं. गुडघा दुखतो म्हणे. दारात कोण आलंय हे ओळखायच्या आधी नरहरराव "या, या" म्हणून त्याला बोलतं करत होते. एकेक गोष्ट सुटी होती तोवर त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. पंजानं सगळ्या एका दोरीत ओवल्या. यांना दिसत नाही, आणि हे आपल्याला सांगायचं नाही असं यांनी ठरवलंय.

का ठरवलंय हेही त्यांना ठाऊक होतं. नरहररावांच्या वडिलांची, अप्पांची, दृष्टी पंचावन्नाव्या वर्षी गेली. पुढं अकरा वर्षं ते चिटगुप्प्याच्या घरी ओसरीवर बसून होते. शारदाबाई तेव्हा नव्या नवरी. सासऱ्यांना त्या घास भरवायच्या. नरहरराव रजेवर आले की वडिलांना नमस्कार करायचे आणि लगेच बाहेर पडायचे, ते जेवायलाच परत यायचे. बापाच्या समोर बसणं त्यांना कधी जमलं नाही. त्या अकरा वर्षांबद्दल दोघं नवराबायको चाळीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

पण तो काळ वेगळा होता. दोन घरं सोडून राहणाऱ्या शोभाबाईंनी गेल्याच वर्षी हैदराबादला जाऊन मोतीबिंदू काढून घेतला होता. तिथल्या डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं की लोक फार उशिरा येतात, लवकर आलात म्हणून वाचलात, एकदा फार पिकला की कुणाच्याच हातात काही राहत नाही. शारदाबाईंना ते वाक्य आता रोज आठवू लागलं. एकदा जेवताना त्यांनी विषय काढून बघितला.

"शोभाबाईंचं बरं झालं बघा. तांदळातला खडासुद्धा दिसतोय आता त्यांना."

"मला कामून सांगायलीस?"

"उगी सांगिटलं."

"मला दिसतंय," नरहरराव म्हणाले आणि अर्धी भाकरी पानात टाकून उठले.

त्यानंतर शारदाबाईंनी दोन दिवस विचार केला. पंजा बसवला असता तर गाडी पुरी झाली असती, पण ती नरहररावांची गाडी झाली नसती. ती कुणाचीही गाडी झाली असती. नवऱ्यानं आपल्या हट्टाचं एवढं सोन्यासारखं गाठोडं असं निमूट खाली ठेवावं, हे त्यांना सहन होईना. हट्टी म्हणून त्यांनी त्याला आयुष्यभर नावं ठेवली होती, पण तो हट्ट जाताना बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नरहरराव झोपल्यावर त्यांनी आपला चष्मा लावला, मधल्या खोलीत फळीपाशी बैठक मारली आणि नवऱ्यानं केलेल्या चारांपैकी एक कपलिंग समोर ठेवून तारेला हात घातला.

हाताला बारीक कामाची सवय होती. लेकीच्या, नलिनीच्या, लग्नात रुखवतावर मांडलेला मण्यांचा मोर त्यांनी केला होता आणि तो बघायला राजेश्वर गावाहून बायका आल्या होत्या. तरी पितळ म्हणजे दोरा नव्हे. पहिली कडी वाकडी झाली, दुसरी तुटली. तार आधी दिव्यावर धरून मऊ करून घ्यायची असते हे कळायला दोन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी एक कपलिंग पुरं झालं. मूठ जराशी तिरकी होती, पण फिरत होती. त्यांनी ते नरहररावांच्या गोल डबीत टाकलं आणि चहा ठेवायला गेल्या.

सकाळी नरहररावांनी डबी उघडून बोटं आत घातली. एक, दोन, तीन, चार केलं. मग बोटं थांबली. पाचवं त्यांनी बाहेर काढलं, चिमटीत धरून मूठ फिरवून बघितली, उलटी फिरवली, कड्यांवरून अंगठा फिरवला.

"हे एक मागंच झालं होतं वाटतं," ते म्हणाले.

"असंल," शारदाबाई आतून म्हणाल्या.

पंजाचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नाही.

मग त्यांचा तो रोजचा उद्योगच झाला. नरहरराव जेवून आडवे झाले की शारदाबाई फळीपाशी. हात बसल्यावर एका दुपारी एक कपलिंग होऊ लागलं. सकाळी नरहरराव ते डबीतून काढत, चाचपत आणि वाघिणीच्या टोकाला पाडलेल्या भोकात बसवून मागून चाप लावत. तेवढं त्यांना बोटांनी जमत होतं. 'मागंच झालं होतं' हे दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा म्हणण्यासारखं नव्हतं, म्हणून ते काहीच म्हणाले नाहीत. एका दुपारी शारदाबाई फळीपाशी गेल्या तर तारेचे तुकडे आधीच कापून ठेवलेले. सगळे एका मापाचे, फळीच्या कडेला एका रांगेत. त्यांना वाटलं, बिचारे स्वतः करून बघत असतील, जमलं नसेल. त्यांनी ते तुकडे वापरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडे कापलेले होते आणि शेजारी चिमटा पुसून ठेवलेला होता.

होळीच्या सुमाराला सव्वीस पुरी झाली. चार आधीची, मिळून तीस. आता राहिली ती गाडी जोडणं, आणि ते नरहररावांकडून होणार नव्हतं हे उघडच होतं. त्या दुपारी शारदाबाईंनी चौदा वाघिणी आणि गार्डाचा डबा रुळांवर ओळीनं लावला, इंजिनाचा ठोकळा पुढं ठेवला आणि जोडणी केली. प्रत्येक सांध्यावर समोरासमोर दोन कपलिंगं लोंबत होती, या डब्याचं एक आणि त्या डब्याचं एक. त्यांनी दोन्ही अडकवली. ह्याची कडी त्याच्या आकड्यात आणि त्याची कडी ह्याच्या आकड्यात. मग दोन्ही मुठी फिरवून घट्ट केल्या. एवढ्या मेहनतीनं केलेली वस्तू नुसती लोंबत कशाला ठेवायची, असा त्यांचा साधा विचार होता. त्या एका बाईच्या संसारात लोंबत ठेवलेली अशी कुठली वस्तूच नव्हती.

संध्याकाळी नरहरराव गाडीपाशी बसले. त्यांचा हात इंजिनापासून निघाला आणि डब्याडब्यावरून मागं सरकत गेला. पहिल्या सांध्याशी बोटं जरा थांबली. दुसऱ्याशी थांबली. पुढं सगळ्या सांध्यांवर ती तशीच थांबत गेली. शारदाबाई कंदिलाची काच पुसत होत्या, कारण त्या भागात दिवे कधी जातील याचा नेम नव्हता.

"कमालनगरला एक पॉइंट्समन आलता," नरहरराव म्हणाले. "नवा. भित्रा लई. पहिल्याच दिवशी त्यानं गाडी जोडली आन् दोन्ही कपलिंगं अडकवून ठेवली. सगळ्या सांध्यांना. म्हणलं, हे काय? तर म्हणतोय, साहेब, एक तुटलं तर दुसरं असू द्या."

शारदाबाईंचं फडकं काचेत अडकलं.

"मग?"

"मग काय. शिकवलं त्याला. म्हणलं, बाबा, एकच लावायचं. दुसरं आपलं लोंबू द्यायचं. दोन्ही लावलीस तर वळणावर एक ताणतंय आन् दुसरं ढिलं पडतंय, उगी झटापट. एक ओढायलंय तवर दुसऱ्यानं सुस्त राहायचं. उद्या गाडी उलटी फिरली की त्याची पाळी." नरहररावांनी गार्डाच्या डब्याच्या छपरावर हात ठेवला. "पोरगा चांगला होता. हात गुणाचा. त्याच्यासारखी जोडणी पुढं कुणी केली न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी शारदाबाईंनी प्रत्येक सांध्यावरचं एकेक कपलिंग सोडवलं आणि लोंबत ठेवलं. ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते काम संपलं तसं ते हसू गेलं.

नरहररावांना कळलंय. आणि त्यांना कळलंय हे आपल्याला कळावं अशी व्यवस्थाही त्यांनी करून ठेवलीय. कमालनगरचा तो पोरगा खरा असेल नसेल, पण तारेचे तुकडे कुणासाठी कापले जात होते हे आता स्पष्ट होतं. दोघांनी मिळून एक गोष्ट उभी केली होती आणि ती छान चालली होती. फक्त तोंडानं बोलायचं नाही. आणि तोंडानं बोलल्याशिवाय हैदराबादची गाडी पकडता येत नव्हती. शारदाबाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी मायेपोटी केलं होतं, पण केलं होतं काय, तर त्यांच्या डोळ्यांवर पांघरूण घातलं होतं. पंजा बसवावा लागला असता तर निदान एक दिवस तरी माणूस तोंड उघडून चिडला असता. आता गाडी पुरी झाली, हात कामाचे राहिले, मग डोळ्यांचं काय नडलं? रोज एक दिवस जात होता, आणि डॉक्टरनं शोभाबाईंना सांगितलेलं वाक्य काही जात नव्हतं.

त्यांनी थेट बोलून बघायचं ठरवलं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा नरहरराव गाडीशी असे लहान मुलासारखे रमलेले होते की शब्द आतच राहिले.

पाडवा झाला आणि भालकीहून महादेवप्पांचं कार्ड आलं, की गुरुवारी येतो, गाडी बघायला. महादेवप्पा हे लायनीवरचे जुने टीएक्सआर. गाडी सुटण्याआधी तिची चाकं, बफर, जोडण्या तपासून ती चालायला योग्य आहे असं लिहून देणारा माणूस. पंचवीस वर्षं दोघांनी एकाच गाड्यांवर काम केलं होतं. कार्ड शारदाबाईंनी वाचून दाखवलं. "अक्षर बारीक काढतोय तो," नरहरराव म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला महादेवप्पा आले. भरघोस पांढऱ्या मिशा, धोतर, खिशाला भिंग अडकवलेलं. त्यांची मातृभाषा कन्नड; मराठी ते लायनीवर शिकले होते आणि ती त्यांच्या तोंडी मोठी गोड लागायची.

"काय री गार्डसाहेब, गाडी लायनीवर घेतलात म्हणं."

"ये, ये," नरहरराव आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाले.

महादेवप्पांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. धोतर सावरून ते फळीपाशी गुडघ्यांवर बसले आणि भिंग काढलं. घराची किल्ली घेऊन एकेका चाकावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं. बफर दाबून बघितले. मग ते जोडण्यांवर आले. एकेक मूठ त्यांनी नखानं फिरवली. लोंबणारं प्रत्येक कपलिंग उचलून बघितलं. चौदा वाघिणी व्हायला पाऊण तास लागला. शारदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नलिनीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाही त्या अशाच उभ्या होत्या.

"अण्णा," शेवटी महादेवप्पा म्हणाले, "नोकरीत एवढं चांगलं कपलिंग बघितलो न्हाई मी. ह्या वयात हात असा चालतोय तुमचा. माझं तर सुईत दोरा जात न्हाई."

नरहररावांनी आपले हात मांडीवर ओढून घेतले. शारदाबाईंनी पदर तोंडाला लावला. घ्या, त्या मनात म्हणाल्या, घ्या कौतुक पदरात, तुमचंच आहे. आणि त्याच क्षणी त्यांना असंही वाटलं की यांनी ते घेतलं तर आता सगळं संपलं.

महादेवप्पांना उत्साह आला होता. त्यांनी कागद मागितला. शारदाबाईंनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं. महादेवप्पांनी त्यावर जुन्या सवयीनं रेघा ओढल्या, तारीख घातली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं की चौदा वाघिणी आणि ब्रेकव्हॅन तपासली, चाकं ठीक, बफर ठीक, जोडणी उत्तम, गाडी फिट. खाली झोकात सही केली. शेजारी दुसरी रेघ ओढली.

"हं. गार्डाची सही."

पेन आणि कागद नरहररावांच्या हातात आला.

कागदावर टीएक्सआरची सही झाली की गार्डानं सही करायची आणि मग गाडी हलायची, असा सगळीकडचा रिवाज. बरेच गार्ड चहा पिता पिता सही करत. नरहररावांनी छत्तीस वर्षांत तसं एकदाही केलं नाही. टीएक्सआर कितीही जुना, कितीही दोस्त असो, आधी ते इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत स्वतः चालत जाणार, प्रत्येक सांधा आपल्या डोळ्यांनी बघणार, आणि मगच पेन काढणार. उदगीरला एकदा भर पावसात त्यांनी यासाठी गाडी चाळीस मिनिटं थांबवली होती आणि वरून मेमो खाल्ला होता. नरहररावांची सही पायी येते, असं लायनीवर म्हणत. महादेवप्पाच ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

नरहररावांनी कागद गुडघ्यावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. महादेवप्पांनी बोटानं रेघ दाखवली. नरहररावांनी टोपण पुन्हा लावलं.

"मी गाडी बघितली न्हाई," ते म्हणाले.

महादेवप्पा हसले. "समोर हाय की री. बघा आन् करा."

"दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई?"

"गाडी दिसत न्हाई, महादेवप्पा. तू बी दिसत न्हाईस. पांढरं धोतर तेवढं कळतंय." नरहररावांचा आवाज कामावर रिपोर्ट देताना असायचा तसा सरळ होता. "उजव्यानं तर दिवाळीपासनंच काही न्हाई. डाव्यानं अंधुक. सव्वीस कपलिंगं हिनं केली. सगळी जोडणी हिची हाय. तू म्हणलास ना, असं बघितलो न्हाई, ते हिला म्हण."

महादेवप्पांनी दाराकडं बघितलं. मग भिंग घडी करून खिशात ठेवलं, त्याला जरा जास्तच वेळ लागला.

हे वाक्य ऐकल्यावर आपल्याला रडू येईल असं शारदाबाईंनी गृहीत धरलं होतं. पण रडू आलं नाही. डोक्यावरचं पाण्याचं भांडं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं, आणि पाठोपाठ भयंकर लाजही वाटली, कारण महादेवप्पा उठून त्यांना नमस्कार करत होते.

"मग अक्का, सही तुम्हीच करा," महादेवप्पा म्हणाले. "बघितलंय तुम्ही सगळं. तुमचाच हक्क हाय."

"व्हय," नरहरराव म्हणाले. "दे तिला."

शारदाबाई पुढं आल्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. मग त्यांनी पेनही घेतलं, पण सही केली नाही. पेन महादेवप्पांच्या हातात परत दिलं.

"गार्ड मी न्हाई," त्या नवऱ्याकडं बघत म्हणाल्या. "गार्डाच्या जागी मी कामून सही करू? ही जागा अशीच राहू द्या. आधी आपण हैदराबादला जाऊन येऊ. तिकडनं आल्यावर तुम्ही ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघा आन् मग करा सही."

नरहररावांनी तोंड त्यांच्याकडं वळवलं. किती दिवसांनी ते त्यांच्याकडं असे वळले होते, काही चाचपत नव्हते, काही झाकत नव्हते.

"आन् आल्यावर बी न्हाई दिसलं तर? अप्पांसारखं?"

अप्पांचं नाव चाळीस वर्षांनी त्या दोघांत निघालं होतं. उगाच धीर द्यायचा नाही, एवढं शारदाबाईंना कळत होतं.

"तर मी एकेक सांधा वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या. "आन् सही न्हाई तर न्हाई. पण जाऊन यायचं."

नरहररावांनी हात लांब करून गार्डाच्या डब्यावर ठेवला.

"तवर गाडी उभीच ठेवायची व्हय?"

"उभीच असतेय की री," महादेवप्पा म्हणाले. "गार्ड आल्याबिगर गाडी हलल्याली तुम्ही कुठं बघितलात?"

"बरं," नरहरराव म्हणाले.

शारदाबाईंनी कागद भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, महादेवप्पांसाठी चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळायची वाट न बघता चपला घालून शोभाबाईंकडं दवाखान्याचा पत्ता विचारायला गेल्या.